कॅन्टीनच्या फळ्यावरची सरासरी

आमच्या फोल्डिंग खात्यात कापडाचे ताके साचायचे. रोज थोडे थोडे, कुणाच्या लक्षातही यायचं नाही. मग एक दिवस दरवाजा लावायला जावं, तर दरवाजाच दिसायचा नाही. किस्स्यांचं तसंच आहे. मी काही साठवायला बसलो नव्हतो. मी आपला ज्याची त्याची टोपी उडवत गेलो आणि मागं ढीग पडत गेला. आता भेस्तानच्या ओट्यावर संध्याकाळी चार टाळकी जमतात, बशीत चहा येतो आणि कुणीतरी म्हणतंच, "दगाआप्पा, ते मॅडमच्या क्लासचं होऊन जाऊ द्या." मग काय, ढिगाचं वरचं टोक धरून ओढायचं!

तर, इकडं गुजरातेत पलसाण्याकडं हायवेला आमची कापड रंगवायची मिल. प्लेगमध्ये गावाकडं पळालेले सगळे परत आले, त्यानंतरच्या वर्षातली गोष्ट. मालकाला माल परदेशात पाठवायचा होता. त्यासाठी एक सर्टिफिकेट लागायचं, आणि सर्टिफिकेटवाले म्हणे, भिंतीवर आलेख पाहिजेत. रोज किती ताके तपासले, किती खराब निघाले, सरासरी किती. एवढं गणित येणारा चेकर मिलमध्ये एकही नव्हता. म्हणून एक जागा काढली. टेबल, ट्यूबलाइट आणि स्टूल. स्टूल! वीस-वीस वर्षं उभं राहून आमच्या पोटऱ्यांच्या शिरा सुतळीसारख्या वर आलेल्या. आम्हाला ते स्टूल सिंहासनासारखं दिसायचं.

अट एकच. आठवड्याच्या सुट्टीला सकाळी दहा ते बारा क्लासला बसायचं, शेवटी परीक्षा द्यायची. अकरा जण बसलो. सगळे खानदेशी, म्हणून शिकवायला मराठी बाई आणली. सोनवणे मॅडम. वय असेल पंचवीस. वडील रेल्वेत गँगमन, इथंच उधन्याला वाढलेली, घराण्यातली पहिली बी.एस्सी. क्लास कॅन्टीनमध्ये आणि फळा कॅन्टीनवाल्याचा. मॅडम तो अर्धाच पुसायच्या. त्यामुळं वर 'आज: खमण, चहा' आणि खाली 'अपूर्णांक', असं आमचं शिक्षण झालं.

माझं शिक्षण विचारू नका. सहावी. त्यातली पाचवी दोनदा.

*

पहिल्याच दिवशी मॅडमनी नमुना शिकवला. सगळा माल तपासणं जमत नाही, म्हणून त्यातला थोडा काढून बघायचा आणि त्यावरून सगळ्याचा अंदाज बांधायचा. तो थोडा काढलेला भाग म्हणजे नमुना. समजलं का, म्हणाल्या.

मागून उखा उठला. उखा म्हणजे आमचा स्टेंटरवरचा, कापड ताणून वाळवायच्या मशीनवरचा गडी. सहा फूट उंच, तेवढाच रुंद आणि डोक्यानं सावकाश. माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "मॅडम, नमुना आम्ही सोबतच आणलाय."

सगळं कॅन्टीन हसलं. मॅडमनी मला खालून वर नीट बघितलं. माझ्या कानाला बिडी, खिशात दुसऱ्याचा चष्मा. तो मी सकाळीच कॅन्टीनवाल्याचा पळवला होता आणि बिचारा तासभर फळ्यावर खमणच्या जागी काय लिहिलं ते चाचपत होता.

"एकाच नमुन्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधायचा नसतो," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर मी आजच नोकरी सोडली असती."

मी त्या दिवशी ठरवलं, या पोरीच्या क्लासला एकही दिवस बुट्टी मारायची नाही.

*

सुपडूची ओळख करून देतो, कारण पुढं तोच तो आहे.

सुपडू जेट मशीनवर. जेट म्हणजे बंद पिंप, आत उकळता रंग. झाकण उघडलं की वाफ थेट छातीत. बारा वर्षं त्यानं ती वाफ खाल्ली. आता खोकला लागला की भिंत धरायचा. डॉक्टरनं सांगितलं होतं, मशीनवरून उतर, नाहीतर गावी जा. गावी जाऊन काय करणार, तिथं त्याचं एक कौलसुद्धा नव्हतं. तीन पोरं, त्यातली दोन भेस्तानच्या शाळेत, बायकोला दिवस गेलेले. म्हणजे बाकीच्या दहा जणांना ते स्टूल पाय लांब करायला हवं होतं, त्याला श्वास घ्यायला.

त्यामुळं तो एकटाच मन लावून शिकायचा. त्यातच गडबड व्हायची.

मॅडमनी अपूर्णांक काढला. वरचा तो अंश, खालचा तो छेद. वाचायचं कसं, तर तीन छेद चार. आमच्या मिलमध्ये कापडाला भोक पडलं की त्याला छेद म्हणतात. छेद पडला की ताका सेकंडमध्ये, म्हणजे भाव पडला.

सुपडूनं हात वर केला. कपाळाला आठ्या.

"मॅडम, नक्की तीन छेद का चार छेद?"

"तीन छेद चार, सुपडूभाऊ."

"तसं नाही चालत, मॅडम. पक्कं लिहावं लागतं. सेकंडमध्ये टाकू का नको?"

मॅडमनी खडू टेबलावर ठेवला. मग खाली गेल्या, फोल्डिंगमधून एक ताका आणवला, टेबलावर चार घड्यांत टाकला आणि तीन घड्यांवर हात ठेवला. "हे तीन छेद चार. यात भोक एकही नाही."

सुपडूनं ताका उलटून पालटून, उजेडाकडं धरून तपासला. मगच वहीत लिहिलं.

*

आता माझा एक पराक्रम. हसू नका, मला त्याची लाज आहे. थोडी.

वर्गमूळ शिकवणार होत्या त्या दिवशी मी सुपडूला दारातच गाठलं. म्हटलं, मॅडमनी तुला स्टोअरला पाठवलंय, सोळाचं वर्गमूळ घेऊन ये. तो गेला. स्टोअरकीपर गुजराती, माझ्यापेक्षा वरचढ. त्यानं मोठ्या रजिस्टरमध्ये बोट फिरवलं, दोन फडताळं उघडून बघितली आणि सांगितलं.

सुपडू धापा टाकत वर आला. भर क्लासमध्ये म्हणाला, "मॅडम, सोळाचं संपलंय. पंचवीसचं चालेल का, विचारतोय."

कॅन्टीनमधले पेले हलले असतील एवढे आम्ही हसलो. सुपडूला कळेना काय झालं. मग कळलं, तेव्हा तो खोकायला लागला आणि आमचं हसू हळूहळू एकेकाचं बंद पडत गेलं. जिना चढून आला होता ना तो.

मॅडम हसल्या नाहीत. त्याला पाणी दिलं. म्हणाल्या, "चालेल. पंचवीसचं पाच. आणि सोळाचं चार. ते कधी संपत नाही, सुपडूभाऊ, त्याला सांगा."

शांतता मला सोसत नाही. मी विचारलं, "मॅडम, मग वर्गमूळव्याध कोणाला होते?"

"जो एका जागी बसत नाही त्याला," म्हणाल्या. "बसा, दगाकाका."

*

सरासरीचा किस्सा डब्याचा आहे.

क्लास सुटला की आम्ही तिथंच डबे सोडायचो. मॅडमही आमच्यातच बसायच्या. त्या दिवशी त्यांनी डब्यावरच गणित घातलं. उखाच्या डब्यात भाकरी किती? आठ. सुपडूच्या? दोन. एकूण दहा, माणसं दोन, सरासरी पाच.

उखा जेवायचा थांबला. असं कधी होत नाही. बोटं मोजून म्हणाला, "म्हणजे मी तीन जास्तीच्या खातो आणि याला तीन कमी पडतात?"

"तसा अर्थ नाही," मॅडम म्हणाल्या, पण उखाच्या डोक्यात एकदा गेलं की ते काढायला पाना लागतो. दुसऱ्या दिवसापासून रोज मधल्या सुट्टीत तो स्टेंटरवरून जेटवर यायचा आणि सुपडूच्या पुढ्यात तीन भाकरी ठेवायचा. सुपडू नको म्हणायचा, त्याला दोनसुद्धा जात नव्हत्या. उखा ऐकायचा नाही. "मॅडमनी काढलंय, तुझ्या नावावर पाच आहेत," म्हणायचा आणि समोर उकिडवा बसून राहायचा.

सुपडू मग त्या तिन्ही भाकरी घरी न्यायचा. पोरं खायची. उखाला वाटायचं, गडी सरासरीवर आला.

पुढच्या क्लासला उखानं स्वतःहून उठून सांगितलं, "मॅडम, त्याला पाच दिल्या. तरी खोकला आहे तेवढाच आहे."

मॅडम पाठमोऱ्या झाल्या. त्यांनी फळा पुसला. चुकून वरचं खमणही पुसलं गेलं.

*

मध्यकाचा किस्सा छोटा आहे, चहा गार व्हायच्या आत सांगून टाकतो. अकरा जणांना वयानं ओळीत उभं केलं. सहावा कोण, तर सुपडू, चौतीस. हा मध्यक. मी शेवटच्या टोकाला, बावन्न. मॅडम म्हणाल्या, मध्यकाचा गुण असा की टोकावर कितीही ओढाताण झाली तरी तो हलत नाही. दगाकाका बावन्नचे असोत का एकशे दोनचे, मध्यक चौतीसच.

"म्हणजे मी मेलो तरी चालेल," मी म्हटलं.

"नाही काका. मेलात तर दहा उरतील. मग मध्यक दोघांच्या मधोमध पडेल. आम्हाला त्रास होईल."

माझ्या जगण्याचं एवढं चोख कारण मला कुणी दिलं नव्हतं.

*

बहुलकाच्या दिवशी मात्र वेगळंच झालं.

बहुलक म्हणजे यादीत सगळ्यांत जास्त वेळा येतो तो. सोपं उदाहरण म्हणून मॅडमनी हजेरीची नावं फळ्यावर घेतली. अकरात तीन भिका. म्हणजे बहुलक भिका. मग दोन उखा, एक सुपडू, एक दगडू. तो मी, मिलमध्ये झिजून दगा झालो. उरलेली चार आपली देवाधर्माची नावं.

मॅडमनी सहज विचारलं, ही अशी नावं का ठेवतात तुमच्याकडं?

उखानंच सांगितलं. आधीची पोरं जगत नसली की पुढच्याला वाईट नाव ठेवायचं, म्हणजे मरणाची नजर त्याच्याकडं जात नाही. उकिरड्यावर टाकून परत उचलला तो उखा. सुपात घालून ओढला तो सुपडू. भीक मागितल्यासारखा घेतला तो भिका. दगड समजून सोडून द्यावं म्हणून दगडू.

मॅडमनी नवा खडू घेतला. मग हळू आवाजात एकेकाला विचारत गेल्या, तुमच्या आधी किती? आणि फळ्यावर रेघा मारत गेल्या. आदल्याच आठवड्यात शिकवलं होतं, चार उभ्या आणि पाचवी त्यांच्यावरून तिरपी, म्हणजे एक जुडी. पहिल्या भिकाच्या दोन. दुसऱ्याच्या तीन. तिसऱ्याची एक. उखाच्या चार, दुसऱ्या उखाच्या दोन, सुपडूच्या तीन, माझ्या दोन. तीन जुड्या झाल्या आणि दोन रेघा सुट्या राहिल्या.

मी म्हणालो, "म्हणजे मॅडम, आम्ही सगळे भागाकारातली बाकी!"

कुणी हसलं नाही. असं माझ्या आयुष्यात दोनदाच झालंय.

मॅडम माझ्याकडं वळल्या. "आणि तुमच्या घरी, काका? मुलं?"

हे मला पाठ होतं. क्लासमध्ये तेवढं एकच गणित मला चटकन यायचं, म्हणून मी ते सारखं फेकायचो. "दोन! एक वीस, एक सोळा, छत्तीस भागिले दोन, सरासरी अठरा." तेव्हा मात्र हसले सगळे. सुटलो.

मग उखानं सुपडूला डिवचलं, तुझं आता येणार आहे, त्याचं नाव काय ठेवणार? भिका ठेव, बहुलक वाढेल.

सुपडू लाजला. म्हणाला, "चांगलं ठेवणार. आता दवाखाने आहेत, डॉक्टर आहेत. कशाला वाईट नाव? पोरगी झाली तर दीपाली."

बारा वाजता कॅन्टीनवाला फळा लिहायला आला. उखानं त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. त्या दिवशी फळा कुणाला पुसू दिला नाही.

*

दीपाली झाली. सकाळी आली, दुपारपर्यंत होती.

सुपडू तीन दिवसांनी कामावर आला. आम्ही काही विचारलं नाही, त्यानं काही सांगितलं नाही. पुरुषांचं असंच असतं, मशीनच्या आवाजाची सोय असते. त्या आठवड्याच्या क्लासलाही आला. आणि मॅडमनी त्या दिवशी नेमकं शून्य काढलं. त्या बिचारीला काही माहीत नव्हतं.

फळ्यावर एका आठवड्याचे खराब ताके. चार, शून्य, तीन, पाच, शून्य, सहा. सरासरी काढा. मी म्हणालो, अठरा भागिले चार, साडेचार. मॅडम म्हणाल्या, चूक, दिवस सहा आहेत. आता मला वाद घालायला निमित्त लागत नाही. म्हटलं, ज्या दिवशी काही निघालंच नाही तो दिवस कशाला मोजायचा? शून्य म्हणजे काहीच नाही ना?

"बेरजेत काही नाही," मॅडम म्हणाल्या. "पण दिवस होता ना? मग तो धरायचा. शून्याला वगळलं तर उत्तर खोटं येतं."

तेव्हा सुपडूनं हात वर केला.

"मॅडम, मशीन सकाळी चालू झालं. दुपारी बंद पडलं. माल काहीच निघाला नाही. तो दिवस धरायचा?"

"चालू झालं होतं ना?"

"झालं होतं."

"मग धरायचा, सुपडूभाऊ."

त्यानं वहीत लिहिलं. पट्टी घेतली आणि खाली रेघ ओढली. पट्टी हलू नये म्हणून बोटांनी घट्ट दाबून.

आणि मी, हा दीडशहाणा, शेजारी बसून काय म्हणालो? "सुपड्याला घरी पण मशीनचंच स्वप्न पडतं!" उखानं टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ घातली. त्या सावकाश माणसाला माझ्या आधी कळलं होतं. ती लाथ मला अजून थंडीत दुखते.

*

परीक्षा झाली. पन्नासपैकी सुपडूला एक्केचाळीस. मलाही एक्केचाळीस. आश्चर्य वाटून घेऊ नका, मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. त्याच्या दोन चुकासुद्धा मी इमानदारीनं उतरवल्या होत्या.

जागा एक, माणसं दोन. मग क्वालिटीच्या साहेबांनी तोंडी परीक्षा ठेवली. साहेब गुजराती, माणूस वाईट नाही, पण घाईचा. ऑफिसात साहेब, शेजारी मॅडम, समोर आम्हा दोघांची नावं लिहिलेला कागद आणि घरच्या माणसांची नोंद असलेली दवाखान्याची कार्डं. आत सुपडू, दाराशी मी.

खरं सांगतो, मला ते स्टूल हवं होतं. पायांनी रडकुंडीला आलो होतो. आणि सुपडू एका जरी प्रश्नाला अडखळला तर मी काय सांगायचं तेही तयार होतं.

साहेब म्हणाले, "सहेलुं पूछुं छुं," सोपंच विचारतो. "तुमच्या मुलांच्या वयांची सरासरी सांगा."

सुपडू म्हणाला, "नऊ, सहा, तीन. अठरा. सरासरी साडेचार."

साहेबांनी कार्ड बघितलं. तीन मुलं. मग सहा आलं पाहिजे, साडेचार कुठून? नीट कर, म्हणाले. एक संधी देतो.

मी दारातून ओठ हलवले. सहा. सहा म्हण, सुपडू. त्यानं मला बघितलं. त्याला सहा येत होतं. सोळाचं वर्गमूळ येणाऱ्याला अठरा भागिले तीन येत नाही?

"साहेब, चारनं भागलंय."

"चौथा कुठंय?"

"दीपाली आहे, साहेब. शून्य."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मॅडम काहीतरी बोलायला गेल्या, तर साहेब म्हणाले, "मॅडम, आप मत बोलिए." आणि कागदावर सुपडूच्या नावापुढं फुली मारली. सुपडू बाजूला भिंतीला टेकून उभा राहिला. खोकला आला तो त्यानं तोंडावर मूठ धरून आतच दाबला.

मग मी. तोच प्रश्न. साहेबांना माझ्याकडून काय येणार ते माहीत होतं, सगळ्या मिलला माहीत होतं. वीस आणि सोळा. पेन बरोबरच्या खुणेसाठी टेकवूनच ठेवलं होतं.

माझ्या विसाच्या आणि सोळाच्या पोरामध्ये चार वर्षं आहेत. ती रिकामी नव्हती.

मी म्हणालो, "बारा."

"दगा, मजाक बंद कर."

"छत्तीस भागिले तीन, साहेब. बारा."

"तिसरा कुठंय?"

"शून्य आहे, साहेब."

साहेब चिडले. त्यांचंही बरोबर होतं, मी आजवर त्यांच्याशी एक शब्द खरा बोललो नव्हतो. त्यांना वाटलं दोघं ठरवून आलेत. पण मॅडम माझ्या तोंडाकडं बघत होत्या. बराच वेळ. मग त्यांनी कागद स्वतःपुढं ओढला, सुपडूच्या फुलीवर बरोबरची खूण केली, तिच्याखाली माझ्या नावापुढं केली आणि म्हणाल्या, "दोघांचं बरोबर आहे, सर. असं मी शिकवलंय."

साहेबांनी आमच्या तिघांकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, ठीक, पण मग परत सारखेच झाले. स्टूल तर एकच. बसणार कोण?

मी म्हणालो, "साहेब, मला बसायचं जमायचं नाही. मला वर्गमूळव्याध आहे."

साहेबांना कळलं नाही. मॅडमना कळलं. त्यांनी मान खाली घातली आणि सुपडूचं नाव लिहिलं.

संध्याकाळी घरी आलो. पोरांची माय दारात साड्यांचे लोंबणारे धागे कापत बसली होती, घरच्या कामाचा गठ्ठा शेजारी. तिला अक्षर येत नाही. वर न बघता तिनं विचारलं, "काय इचारं सायेबनी?"

म्हटलं, पोरांच्या वयांची सरासरी.

"मंग तुम्ही काय सांगं?"

"छत्तीसला तीननं भागलं," मी म्हणालो. "बारा."

कात्री थांबली. तिनं हातातली साडी मांडीवर ठेवली, उगीचच काठावरून बोट फिरवलं, जसं काही तिथं एखादा धागा राहिला असेल. मग पुढची साडी उचलली.

"बराबर शे," ती म्हणाली.